स्त्रीची बुद्धी आणि शास्त्राचा काटा

वर्षावासात आमच्या मूर्तिजापुरातल्या एका विहारात दर रविवारी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन होते. मी शाळामास्तर, म्हणून वाचनाचे काम माझ्याकडे असते. वाचन संपले की ज्याला शंका असेल त्याने ती विचारावी, असा आमचा प्रघात आहे. ह्या वर्षी पहिल्याच रविवारी एका गृहस्थांनी जी शंका विचारली, तिच्यामुळे हा लेख लिहिणे भाग पडले.

हे गृहस्थ जिनिंगमध्ये कामाला आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा नुसत्या म्हटल्या नाहीत, तर पाळायला घेतल्या. घरातले देव गेले, उपासतापास गेले, दारूही गेली. माणूस सरळ आणि कष्टाळू. त्यांची मुलगी यंदा दहावीच्या परीक्षेत वर्गात दुसरी आली. गणितात तर तिला सर्वांत जास्त गुण आहेत. तिला अकरावीला विज्ञान शाखा हवी आहे. वडील म्हणाले, "सर, देव सोडला, अंगारे-धुपारे सोडले. आता आमी शास्त्र मानतो. पन शास्त्रच सांगते ना, का बाईचा मेंदू मानसाच्या मेंदूहून हलका असते म्हनून? मंग पोरीले सायन्स कायले? पोरगा पुढच्या साली दहावीले येते. जो पैसा हाये तो त्याच्यासाठी ठेवतो."

विहारात तीस-चाळीस बाया बसल्या होत्या. एकही बोलली नाही. ती मुलगी दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीने लावत होती. तिने ऐकले की नाही, मला कळले नाही. मी दोन-चार वाक्यांत उत्तर दिले. पण ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. ह्या गृहस्थांच्या मनात कपट नव्हते. त्यांना खरोखरच असे वाटत होते की, आपण अंधश्रद्धा सोडून शास्त्राच्या मार्गाने चाललो आहोत. म्हणून हा प्रश्न एका घराचा नाही. तो आपणा सर्व नवदीक्षितांचा आहे.

पोथी गेली, पण पोथीचा निकाल राहिला

स्त्री ही बुद्धीने हीन, तिला स्वातंत्र्य देऊ नये, तिला ज्ञानाचा अधिकार नाही, असे मनुस्मृतीने सांगितले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या पोथीचे दहन झाले. त्यानंतर स्त्री हीन आहे असे मनूच्या नावाने सांगण्याची सोय आपल्यापुरती तरी उरली नाही. पण निकाल तोच ठेवून साक्षीदार बदलता येतो. काल साक्षीला ऋषी होता, आज साक्षीला डॉक्टर आणला. काल श्लोक होता, आज ग्रॅम आले. न्याय मात्र तोच. पोरीने घरी बसावे.

तथागतांनी कालामांना काय सांगितले? एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. तपासा, अनुभवाला लावून पाहा, आणि ती अकुशल व दुःखकारक दिसली तर टाकून द्या. हा उपदेश फक्त दुसऱ्यांच्या पोथ्यांना लावायचा आणि शास्त्राच्या नावाने आलेल्या वाक्याला सूट द्यायची, असे कोठेही सांगितलेले नाही. खरे शास्त्रही हेच सांगते. तेव्हा मेंदूच्या वजनाची ही गोष्ट कोठून आली, कोणी मोजले, कसे मोजले, हे आपण तपासू.

मेंदूचे वजन करणारे विद्वान

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत माणसांच्या कवट्या आणि मेंदू मोजण्याचा मोठा सपाटा चालला होता. अमेरिकेतले मॉर्टन हे कवटीत आधी मोहरी आणि नंतर शिशाच्या गोळ्या भरून तिची धारणक्षमता मोजत. फ्रान्समधले पॉल ब्रोका हे नामांकित शल्यविशारद. बोलण्याची क्रिया मेंदूच्या कोणत्या भागात चालते हे त्यांनी दाखवले, आणि त्या भागाला आजही त्यांचे नाव आहे. अशा ह्या मोठ्या माणसाने पॅरिसच्या रुग्णालयांतील मृतांचे मेंदू तोलले. २९२ पुरुषांची सरासरी आली १,३२५ ग्रॅम आणि १४० स्त्रियांची आली १,१४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅम. आमच्या त्या गृहस्थांपर्यंत जी गोष्ट पोहोचली तिचे मूळ अशा आकड्यांत आहे.

आकडे खोटे नव्हते. मग चूक कोठे झाली?

पहिली चूक साधी आहे. पुरुषाचे शरीर सरासरीने मोठे असते. पाय मोठे, हात मोठे, हृदय मोठे, तसाच मेंदूही मोठा. मेंदूच्या वजनानेच शहाणपण ठरत असते तर हत्तीचा मेंदू सुमारे पाच किलोचा आहे. मग हत्तीलाच मुख्याध्यापक नेमावा लागेल. शिवाय मेलेल्या माणसाचे वय, त्याचा आजार, ह्यांनीही मेंदूचे वजन कमी होते. त्या स्त्रिया आणि ते पुरुष एकाच वयाचे, एकाच उंचीचे नव्हते.

दुसरी चूक मात्र साधी नाही. शरीराच्या आकाराचा परिणाम होतो हे ब्रोका ह्यांस ठाऊक होते. १८६१ मध्ये त्यांनी तो प्रश्न स्वतःच उपस्थित केला आणि स्वतःच बाजूला सारला. त्यांचे म्हणणे असे की, स्त्री ही पुरुषाहून सरासरीने थोडी कमी बुद्धिमान असते हे आपणांस माहीतच आहे. तेव्हा मेंदूच्या लहानपणाचा काही भाग त्या कमीपणामुळे असणार. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. जे सिद्ध करायचे होते तेच आधी गृहीत धरले, आणि मग त्याला आकड्यांचा आधार मिळाला असे जाहीर केले! आणखी एक गंमत पाहा. जर्मनांचे मेंदू फ्रेंचांच्या मेंदूपेक्षा जड आहेत, असे जेव्हा कोणी म्हणाले, तेव्हा ह्याच ब्रोकांनी शरीराचा आकार, वय, सारे हिशेबात घेऊन फ्रेंच मेंदूचा बचाव केला. म्हणजे आपल्या राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न आला तेव्हा काटा नीट लावला, आणि स्त्रीचा प्रश्न आला तेव्हा तोच काटा तसाच सोडून दिला. हातचलाखी करणारा माणूस नेहमी लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही आपला हात दिसत नाही.

त्यांच्या मागून आलेल्यांनी तर ताळतंत्र सोडले. गुस्ताव्ह ल बॉं ह्यांनी १८७९ मध्ये स्त्रियांच्या मेंदूची तुलना गोरिलाच्या मेंदूशी केली, आणि मुलींना मुलांसारखे शिक्षण देणे हे धोक्याचे आहे असे लिहिले. पण त्याच पॅरिसमध्ये लेऑन्स मानूव्ह्रिए ह्यांनी शरीराच्या प्रमाणात हिशेब मांडून दाखवला, तेव्हा स्त्रीचा कमीपणा नाहीसा झाला. तागडी तीच, मृतदेहही तसेच; फक्त मोजणाऱ्याने प्रामाणिकपणे भागाकार केला.

जर्मनीतील म्युनिकचे प्राध्यापक बिशॉफ हे स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्याच्या कडक विरोधात होते. स्त्रीचा मेंदू पुरुषाच्या मेंदूहून सुमारे १३४ ग्रॅमने हलका, म्हणून तिला हा अभ्यास झेपणार नाही, असे ते सांगत. १८८२ मध्ये ते वारले. त्यांचा मेंदू तोलला तो भरला १,२४५ ग्रॅम, म्हणजे पुरुषांच्या सरासरीहून पुष्कळच हलका. ह्यावरून बिशॉफ निर्बुद्ध होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर मी त्यांचीच चूक करीन. आइन्स्टाइन ह्यांचा मेंदू १,२३० ग्रॅमचा होता. फ्रेंच साहित्यिक आनातोल फ्रान्स ह्यांचा मेंदू जेमतेम १,०१७ ग्रॅमचा, आणि त्यांस १९२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह ह्यांचा मेंदू २,००० ग्रॅमच्या वर. ह्या तिघांत कोण किती थोर, हे तराजू कसे सांगणार?

ह्या वादाचा निकाल लावण्यात एका स्त्रीचाच हात होता, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. लंडनच्या ॲलिस ली ह्यांनी जिवंत माणसांच्या डोक्याच्या मापांवरून कवटीची क्षमता काढण्याचे गणित बसवले, आणि ते नामांकित शरीरशास्त्रज्ञांना व महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणींना लावले. काही तरुणींची डोकी काही नामांकित पंडितांपेक्षा मोठी भरली, आणि मोठे मोठे पंडित यादीच्या तळाशी गेले. हे संशोधन १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून डोक्याच्या आकारावरून माणसाची बुद्धी सांगण्याचा धंदा बसत गेला. आज यंत्राने जिवंत मेंदूची चित्रे घेता येतात. त्यांवरून आकार आणि बुद्धिचाचणीतील गुण ह्यांचा थोडासा संबंध दिसतो. पण तो इतका पुसट आहे की, एका माणसाचा मेंदू मोजून त्याची बुद्धी सांगता येत नाही. आणि पुरुषाचा मेंदू सरासरीने मोठा असूनही बुद्धिचाचण्यांत स्त्री-पुरुषांच्या सरासरीत तसा फरक निघत नाही.

डोक्यावरून गर्भाशयावर

डोक्याच्या मुद्द्याबरोबरच त्या काळात दुसरा मुद्दाही पुढे आला. बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क ह्यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहिले की, मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे जाते, गर्भाशय दुबळे होते आणि त्या आजारी पडतात. पाळीच्या दिवसांत तर अभ्यास करूच नये. आधार काय? स्वतःकडे आलेल्या मोजक्या मुलींची हकीकत. मेरी पटनम जेकोबी ह्या डॉक्टरबाईंनी ह्याची तपासणी केली. त्यांनी प्रश्नावली पाठवून २६८ स्त्रियांची उत्तरे मिळवली, काहींची नाडी व शक्ती प्रत्यक्ष मोजली, आणि त्या दिवसांत सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही असे दाखवले. त्या निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बक्षीस मिळाले. त्या काळी हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत स्त्रियांना प्रवेश नव्हता!

पुढे १९१४ मध्ये लीटा हॉलिंगवर्थ ह्यांनी स्त्रियांच्या रोजच्या रोज चाचण्या घेतल्या आणि पाळीच्या दिवसांत बुद्धीचे काम कमी होत नाही हे सिद्ध केले. हे काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले. परमपूज्य बाबासाहेब १९१३ पासून त्याच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. एकाच विद्यापीठात, एकाच काळात, एक तरुणी स्त्रीच्या हीनत्वाचा पुरावा तपासत होती आणि आपला एक तरुण जातीच्या उगमाचा शोध घेत होता.

आपल्याकडे ह्या दिवसांतल्या बाईला विटाळशी म्हणत. तिथल्या डॉक्टरने तिला आजारी म्हटले. शब्द वेगळा, पण मुलगी दोन्हीकडे कोपऱ्यात. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, ते आज हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे मुलींना जे उच्च शिक्षण देण्याचे चालले होते त्यावर 'केसरी' आणि 'मराठा' ह्या पत्रांतून टीका होत असे. मुलींनी घरसंसाराला उपयोगी तेवढेच शिकावे, असा तिचा सूर होता. घर कसे मोडेल ह्याची चिंता पुष्कळ होती. मुलीचे डोके कसे फुलेल ह्याची नव्हती.

त्याच सालची वऱ्हाडची गोष्ट

बिशॉफ वारले ते साल १८८२ हे लक्षात ठेवावे. त्याच साली आपल्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक छापून निघाले. ताराबाई सत्यशोधक घरातल्या. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. सुरतेच्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला झोडपले, त्याला हे उत्तर होते. जे जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारता ते ते पुरुषात आहेत की नाहीत, हे त्यांनी एकेक करून मोजून दाखवले. पुस्तकाचे नावच 'तुलना' आहे. म्हणजे तेही एक वजनच. फक्त इथे दोन्ही पारड्यांत माल टाकला होता. त्याआधी पुरुषाचे पारडे कोणी तपासलेच नव्हते. ह्या पुस्तकाची बाजू घेऊन बोलले ते महात्मा जोतीराव फुले.

त्याहीपूर्वी १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात आला. मांग-महारांना धर्मपुस्तके वाचण्याचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या लहान मुलीने विचारला. तिच्या मेंदूचे वजन कोणी केले नाही. तिला पाटी मिळाली, एवढेच झाले.

विसाव्या शतकातले उदाहरण घ्या. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, ह्यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी वरच्या क्रमांकाने घेतली आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन ह्यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेण्यात आले. काम पाहून रामन ह्यांचे मत बदलले, आणि १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. रामन हे तर नोबेल विजेते. म्हणजे शास्त्रात मोठा असलेला माणूस प्रत्येक गोष्टीत शास्त्रीयच बोलतो, असे समजू नये. तो पदार्थविज्ञानाबद्दल बोलत असतो तेव्हा ऐकावे. तो आपल्या मुलीबद्दल बोलू लागला की पुरावा मागावा.

मात्र ताराबाई, कमलाबाई ह्यांना एकच काटा आडवा आला. आपल्या बायांना दोन. इंग्रज अधिकारी रिस्ले ह्यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत. बाबासाहेबांनी काय केले? मापे पाहणारच नाही असे ते म्हणाले नाहीत. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' ह्या ग्रंथात त्यांनी अशाच नाकांच्या मापांचे आकडे हाती घेतले, ते नीट वाचले, आणि ब्राह्मण व अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत हेच त्या आकड्यांतून निघते असे दाखवले. इरावती कर्वे ह्यांनी बर्लिनमध्ये असाच अनुभव घेतला. त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर ह्यांची कल्पना अशी की, गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा व त्या ठेवणीचा काही संबंध नाही असा निष्कर्ष लिहून १९३० मध्ये पदवी घेतली. परक्या देशात, परीक्षक समोर बसलेला असताना हे लिहिणे सोपे नव्हते. शास्त्राला घाबरून पळू नये, आणि शास्त्रापुढे आंधळे लोटांगणही घालू नये, हा धडा ह्या दोन्ही उदाहरणांत आहे.

समजा, फरक निघाला तर?

इथे कोणी विचारील, आणि विचारणे योग्यही आहे, की "समजा उद्या खरोखरच एखादा फरक सिद्ध झाला, तर तुम्ही काय म्हणाल? मग पोरीला घरी बसवाल?"

नाही. हाच ह्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. स्त्रीचा शिक्षणाचा हक्क जर आपण मेंदूच्या मापावर उभा केला, तर माप बदलले की हक्क गेला. हक्क असा भाड्याच्या जागेवर बांधायचा नसतो.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' ह्या भाषणात ह्याचा विचार केला आहे. माणसे सर्व बाबतींत सारखी नसतात, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. माणसाची कुवत तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांनी सांगितले: शरीराचा वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा, आणि स्वतःची मेहनत. मेहनतीप्रमाणे फळ वेगळे असावे हे समजू शकते. पण जे जन्माने मिळाले आणि जे घराने दिले, त्यावरून माणसाला मागे लोटले, तर शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागतो. ज्यांच्या घरी आधीच सर्व आहे तेच निवडले जातात. म्हणून माणसे समान असोत वा नसोत, त्यांना समान वागवणे हेच समाजाचे तत्त्व असले पाहिजे.

मी वर्गात रोज हे पाहतो. पन्नास मुलांत दहा चटकन समजतात, दहा उशिरा. उशिरा समजणाऱ्यांना मी बाहेर काढतो का? उलट त्यांच्याजवळ जास्त वेळ बसतो. औषध आजाऱ्याला आधी द्यायचे असते. आणि सरासरीचे म्हणाल तर सरासरीला हजेरीपटावर नाव नसते. त्या गृहस्थांच्या घरी 'स्त्रीजातीची सरासरी' राहत नाही. गणितात पहिली आलेली एक मुलगी राहते.

दोन बोटांची बुद्धी

भिक्खुणी सोमा ह्या राजगृहाच्या. एकदा श्रावस्तीच्या अंधवनात त्या ध्यानाला बसल्या असता मार आला आणि म्हणाला की, ऋषींनाही दुर्लभ असे स्थान दोन बोटांच्या बुद्धीची स्त्री कशी मिळवणार? दोन बोटांची बुद्धी म्हणजे काय, ते जुन्या टीकाकारांनी सांगितले आहे. बाई जन्मभर भात शिजवते, तरी शिजला की नाही हे कळायला तिला शीत दोन बोटांत दाबून पाहावे लागते. दुसरा अर्थ, कापसाचा पेळू दोन बोटांत धरून सूत काढणे, एवढीच तिची अक्कल.

सोमा रागावल्या नाहीत. चित्त स्थिर असेल आणि सत्य दिसत असेल, तर बाईपण तिथे काय करणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मी स्त्री, मी पुरुष, असे ज्याच्या मनात घोळत असते त्याच्याशी माराने जाऊन बोलावे, असेही सांगितले. मार निघून गेला.

मला मात्र ह्या दोन बोटांबद्दल आणखी एक म्हणायचे आहे. शीत दाबून पाहणे ह्याला आपण शाळेत काय म्हणतो? प्रयोग. ती अंदाजावर विसंबत नाही, ऐकीव बोलत नाही, हात लावून तपासते. पॅरिसच्या पंडितांनी एवढे केले असते तरी पुष्कळ होते.

आणि कापसाचे म्हणाल तर मला माझी ताई आठवते. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली. मी शाळेत, ती वावरात, निंदायला आणि वेचायला. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एका वर्षी एका शेतमालकाच्या काट्यावर बायांचा कापूस रोज कमी भरू लागला. बाया कुरकुरल्या की मालक म्हणे, काटा खोटं बोलतो का? ताईने तिथेच पडलेली युरियाची न फोडलेली पन्नास किलोची गोणी दोन बायांच्या मदतीने काट्याला लावली. काट्याने सेहेचाळीस दाखवले. दुसऱ्या दिवशी काटा बदललेला होता. त्या रात्री ती मला म्हणाली, "काटा काय सांगते थे नोको पाहू बाबू. काटा कोनाचा हाये थे पाह्य."

बी.एड.ला मी मूल्यमापनाचा विषय शिकलो. मोजमापाचे साधन विश्वसनीय आहे की नाही ते आधी तपासावे, असे त्यात होते. ते मला सातवी शिकलेल्या बहिणीने आधीच शिकवले होते. तिच्या वेचणीच्या पैशांतून माझी फी भरली गेली. घरातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा ती मागे उभी होती. आमच्या घरी कोणी मेंदूच्या वजनाचे नाव घेतले नव्हते. आम्हाला शास्त्राचीही गरज पडली नाही. नुसती सवय पुरली. दोघांत एकालाच शिकवायचे होते, आणि कोणाला, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मीही विचारला नाही. त्या गृहस्थांना उत्तर देताना माझी जीभ अडखळली ती ह्यामुळे.

घरातला काटा तपासा

म्हणून माझ्या बंधू-भगिनींना विनंती आहे. ब्रोका आणि बिशॉफ ह्यांचे काटे जगाने तपासले आणि टाकून दिले. आता आपापल्या घरातला काटा तपासावा. संध्याकाळी मुलगा पुस्तक घेऊन बसतो तेव्हा मुलीच्या हातात काय असते? पाहुणे आले की अभ्यासावरून कोणाला उठवतात? परीक्षेच्या दिवसांत घरकाम कोणाचे सुटते? मुलाला गणितात कमी गुण पडले तर आपण म्हणतो, त्याने अभ्यास केला नाही. मुलीला कमी पडले तर म्हणतो, तिच्या डोक्यात शिरत नाही. असे का? ह्या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहावीत. तो कागद कोणाला दाखवू नये. स्वतः वाचावा.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत हजारो स्त्रिया जमल्या होत्या. तेथे बाबासाहेबांनी सांगितले की, समाज किती पुढे गेला हे ते त्या समाजातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या ह्यावरून मोजतात. हेही एक मापच आहे. पण हे माप मुलीला तोलत नाही. ते तिच्या बापाला, भावाला, तिच्या मास्तराला आणि तिच्या विहाराला तोलते.

पुढच्या रविवारी मी हे सर्व त्या गृहस्थांना सांगितले. ताईचीही गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, फारम कधीपर्यंत भरता येते?" मी तारीख सांगितली. मुलगी त्या दिवशी चपलांजवळ नव्हती. आईशेजारी, पुढे बसली होती.

फॉर्म भरला की नाही ते मला हा लेख लिहीपर्यंत कळलेले नाही. उद्या शाळा सुटली की त्यांच्या घरी जाणार आहे.